कोंबडा, बसफुगडी आणि न दिसणारा स्नायू

कागदावर पाच रकाने होते. वेळ, काय प्यायलात, किती प्यायलात, किती लघवी झाली, आणि शेवटचा रकाना: 'निसटली का?' फिजिओथेरपिस्ट मुलगी माझ्या भाचीच्या वयाची. अगदी सहज म्हणाली, "काकू, तीन दिवस हे भरून आणा. मोजायला घरातला एखादा खुणांचा जुना प्लास्टिकचा मग घ्या. आणि रात्री उठलात तर तेही लिहा हं." मी मान डोलावली. गुडघा दुखला, खांदा आखडला की फिजिओकडे जायचं हे मला ठाऊक होतं. लघवीसाठीही फिजिओकडे पाठवतात हे त्या दिवशी कळलं, आणि तिथला पहिला गृहपाठ मोजमापाचा असतो हेही.

मी डोंबिवलीची. फोर्टात नोकरी, पन्नाशीला टेकलेली, दोन बाळंतपणं, त्यातलं दुसरं चिमटे लावून झालेलं. श्रावणात आमचा मंगळागौरीचा गट असतो. नऊवारी नेसून झिम्मा, पिंगा, लाट्या, सूप नाचवणं, सगळं करतो आणि लोक हौसेने बोलावतात. उभ्या फुगडीत मला काही व्हायचं नाही. घात करायचे ते बसफुगडी आणि कोंबडा. उकिडवं बसून उड्या मारताना थेंब निसटायचे, कधी थेंबांहून जास्त. मग दुपारपासून पाणी बंद, कासोटा घालण्याआधी शेवटची फेरी, गडद रंगाचं लुगडं आणि आत पॅड. हा सगळा बंदोबस्त मी एकटीच करते अशी माझी समजूत होती. एका सरावानंतर आमच्यातल्या निवृत्त नर्सबाईंनी, पदर खोचलेला तसाच ठेवून, भर हॉलमध्ये विचारलं, "खरं सांगा गं, कोण कोण पॅड लावून आलंय?" कोणी बोलेना. मग एकीने हात वर केला, मग दुसरीने. माझा गेला तेव्हा निम्म्याहून जास्त हात वर होते, आणि त्यात एक हात अवघ्या पस्तिशीतल्या मुलीचा होता. "वय झालं, चालायचंच" हे आमच्या घरच्या डॉक्टरांचं वाक्य मी इतकी वर्षं प्रमाण मानून बसले होते. ते त्या एका हातापाशी लटकं पडलं.

नर्सबाईंनीच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पिटाळलं. तिथे मला वाटलं होतं की एक चिठ्ठी आणि गोळ्या. बाईंनी आधी प्रश्नच विचारले. शिंकताना, खोकताना, हसताना, ओझं उचलताना निसटते का? की आधी घाई लागते आणि संडासापर्यंत पोहोचता पोहोचता होते? मी म्हटलं, दोन्ही. घराचं लॅच उघडायला किल्ली काढली की जीव जातो, खाली रिक्षातून उतरेपर्यंत काही नसतं. त्या हसल्या. किल्ली हातात आली की घाई सुटणं हे फार बायकांना होतं म्हणाल्या, आणि मला उगाच बरं वाटलं. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि दोन्हींचे उपाय वेगळे, हे तोवर मला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्यात खालचा आधार सैल पडलेला असतो. पोटातला दाब वाढला की मूत्रमार्ग बंद राहत नाही. दुसऱ्यात पिशवी भरायच्या आधीच आकसायला लागते. माझ्यासारख्या दोन्हीवाल्याही पुष्कळ. मग लघवीत जंतू आहेत का ते बघणं, रक्तातली साखर, आणि टेबलावर झोपवून "जोरात खोका". आयुष्यात इतक्या बेताने मी कधी खोकले नव्हते. "अहो, लाजताय काय, निसटली तरच मला कळणार ना!" निसटली. बाईंनी कागदावर नोंद केली आणि जणू काही झालंच नाही अशा चेहऱ्याने हातमोजे काढले.

सोनोग्राफीचं मात्र लिहायलाच हवं. "लिटरभर पाणी पिऊन या, लघवी करू नका." ज्या बाईला धरवत नाही म्हणून ती आली आहे, तिला हे सांगायचं! केंद्रात बाकावर आम्ही चौघीजणी, सगळ्या पाय आवळून, कोणी कोणाकडे बघत नाही, आणि आत एकाचे मूतखडे शोधणं चाललेलं. माझा नंबर आला तेव्हा घाम फुटला होता. पोटावर गार जेल, त्यावर दाबून फिरणारा प्रोब. मग "आता जाऊन या, परत बघायचंय". हे परत बघणं महत्त्वाचं असतं. लघवी करून आल्यावर पिशवीत किती उरते ते मोजतात. पन्नास मिलीच्या आत असेल तर ठीक, दोनशेच्या वर उरत असेल तर गोष्ट निराळी. मग वरून सांडते ती पिशवी रिकामीच होत नाही म्हणून, आणि त्याचा इलाज पूर्ण वेगळा. माझी रिकामी होत होती. संसर्ग नव्हता, साखरही ठीक. "तीन महिने फिजिओ करा, मग बघू", इतकंच. गोळी नाही म्हणून मी थोडी हिरमुसलेच.

आता तो मग. पीठ मोजायचा जुना, कडेला मिलीच्या खुणा असलेला, त्यावर मार्करने मोठी फुली मारली, म्हणजे चुकून स्वयंपाकघरात जायला नको. शनिवार-रविवार धरून वही भरली. घरात नवऱ्याने एकदा विचारलं, काय चाललंय? म्हटलं, प्रयोग. त्याने पुढे विचारलं नाही. आकडे बघून मलाच नवल वाटलं: सत्तर, नव्वद, साठ, एकशेदहा. फिजिओ मुलीने पेनाने रकान्यावरून खाली जात सांगितलं की मोठ्या माणसाच्या पिशवीत चारशे-पाचशे मिली मावतं, दीड-दोनशेला पहिली चाहूल लागते आणि ती चाहूल थोपवून धरणं पूर्णपणे शक्य असतं. मी साठ मिलीला धावत होते. का धावत होते, तेही वहीतच होतं. घरातून निघताना एकदा, स्टेशनवर एकदा, कचेरीत पोहोचल्या पोहोचल्या, जेवणाआधी, निघताना. घाई लागली म्हणून यातली एकही फेरी नव्हती. पुढे सोय होईल न होईल, म्हणून जाऊन घ्यायचं.

यात माझा दोष मी मानत नाही. तासाभराच्या फास्ट लोकलमध्ये संडास नसतो, गाडी कुर्ल्याच्या अलीकडे थांबून राहिली तर सोय नाही, स्टेशनावरचं स्वच्छतागृह कुलूपबंद किंवा पाय ठेववणार नाही असं. बायकांना सार्वजनिक मुतारी फुकट आणि धड मिळावी म्हणून मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' ही चळवळ चालू आहे, ती उगाच नाही. जिथे बसवत नाही तिथे आपण अधांतरी, मांड्या ताणून उभ्या-उभ्या करतो. त्यात खालचे स्नायू सैल सुटतच नाहीत आणि पिशवी नीट रिकामी होत नाही. पाणी कमी प्यावं तर लघवी दाट होऊन पिशवीला अधिकच टोचते, शिवाय बद्धकोष्ठ, आणि कुंथणं हे त्या स्नायूंना सगळ्यात वाईट. म्हणजे जे जे मी शहाणपणाने करत आले होते ते सगळं उलटं पडत होतं. पाणी वाढवा, दिवसाला दीड-दोन लिटर. चहा कमी. आणि "काकू, उगीच म्हणून जायचं नाही."

मग तपासणी. मुलीने आधी प्लास्टिकचा कमरेच्या हाडांचा सांगाडा हातात दिला. पुढे जांघेच्या वरचं हाड, मागे माकडहाड, आणि या दोघांच्या मध्ये झोळी बांधावी तसे स्नायू. त्यावर मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय अशी तिन्ही बसलेली. दोन्ही बाळंतपणं याच झोळीतून झाली. चिमटे लावलेल्या बाळंतपणात ती जास्त ताणली जाते, कधी हाडापासून सुटतेही. पंचवीस वर्षांनी कोणीतरी त्या दुसऱ्या बाळंतपणाचं आणि कोंबड्याचं नातं मला जोडून दाखवत होतं.

"आता हातमोजा घालून एक बोट आत घालून बघते, चालेल ना? नको वाटलं तर कधीही थांबवा." दार आतून बंद, अंगावर चादर. "आता लघवी आणि वारा दोन्ही एकदम अडवल्यासारखं करा. आत आणि वर." मी सगळी ताकद लावली. पोट आत गेलं, कुल्ले दगड झाले, श्वास अडकला, भुवया वर. ती शांतपणे म्हणाली, "भुवया नकोत." हसू आलं, आणि हसताना तिच्या बोटाला काहीतरी कळलं असावं. "हां, हे. आत्ता जे हललं ना, तेच पुन्हा." आता ते काय होतं हे मला कुठे माहीत! हात उचलायचा म्हटलं की हात दिसतो. हा स्नायू ना दिसतो ना कधी त्याला कोणी नावाने हाक मारलेली. किती तरी बायका आकसायच्या ऐवजी खाली जोर देतात, आणि महिनोन् महिने व्यायाम म्हणून तेच करत राहतात, असं तिने सांगितलं. शेवटी तिने शून्य ते पाचमधला आकडा दिला: दोन. दोन म्हणजे आहे, पण अशक्त. एक असता तर नुसती फडफड. शाळेत गणितातही मला इतके कमी कधी मिळाले नव्हते.

दुसऱ्या भेटीत यंत्र होतं. आत एक छोटा प्रोब, समोर पडद्यावर रेघ. बरोबर आकसलं की रेघ चढते, सोडलं की उतरते. माझी रेघ एक क्षण चढायची आणि कोसळायची. सोडल्यावर पूर्ण खाली यायला मात्र वेळ लावायची. सोडणंही शिकायचं असतं हे इथे कळलं. काही बायकांचे हे स्नायू मुळात आखडलेलेच असतात. त्यांना संबंधाच्या वेळी दुखतं, लघवीची धार अडखळते. त्यांनी फोनवरचे व्हिडिओ बघून आकसण्याचा सपाटा लावला तर दुखणं वाढतं. त्यांना आधी सैल सोडायला शिकवतात. म्हणजे मैत्रिणीला लागू पडलेला व्यायाम आपल्याला पडेलच असं नाही.

या व्यायामांना ज्यांच्या नावाने ओळखतात ते आर्नल्ड केगेल हे अमेरिकेतले, लॉस एंजेलिसचे स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांचा लेख १९४८ मध्ये आला. मला त्यांच्यातलं आवडलं ते हे, की त्यांनी नुसतं "आवळा आणि सोडा" असं कधी सांगितलं नव्हतं. दाब मोजणारं एक उपकरण त्यांनीच बनवलं होतं, पेरिनिओमीटर, म्हणजे बाईला आपण काय करतो ते काट्यावर दिसावं. आधी तपासायचं, मग दाखवायचं, मग करून घ्यायचं. आज सगळीकडे केगेलचं नाव फिरतं आणि नेमका तो तपासण्याचा भाग गळून पडलेला असतो. आमच्या योगवर्गातल्या बाई मूळबंध कितीदा तरी सांगायच्या, मी करायचेही. नक्की काय करत होते, देव जाणे.

माझा पाठ असा ठरला. एका वेळी आठ वेळा आकसून धरायचं, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. आधी तीन सेकंद धरायचं आणि तेवढीच विश्रांती, जमेल तसं दहा सेकंदांपर्यंत जायचं. शेवटी काही झटपट आकसणी, कारण शिंक येते ती झटपट येते. श्वास चालू ठेवायचा. मोठ्याने आकडे मोजले की श्वास आपोआप चालू राहतो. धार मध्येच अडवून रोज सराव करायचा नाही, त्याने पिशवी बिघडते. सकाळचा पाठ अंथरुणात, दुपारचा कचेरीत खुर्चीवर, संध्याकाळचा लोकलमध्ये मुलुंड ते डोंबिवली. समोरची बाई भाजी निवडत असते, शेजारची झोपलेली, आणि मी गंभीर चेहऱ्याने दहापर्यंत ओठांत मोजत असते. कोणी बघितलं तर जप वाटतो.

त्याहून उपयोगी पडली ती एक युक्ती: शिंक येतेय असं वाटलं की आधी आकसायचं आणि मग शिंकायचं. गॅसचा सिलिंडर सरकवताना, पिशव्या उचलताना, तसंच. पहिले काही आठवडे शिंक पुढे आणि मी मागे. एकदा केव्हातरी फोडणीच्या धुराने ठसका लागला आणि आकसणं आपोआप आधी झालं. भाजी हलवत मी तिथेच उभी राहिले, कारण काय घडलं ते समजायला मला वेळ लागला.

घाईचं प्रकरण वेगळं, आणि मला तेच जास्त जड गेलं. किल्ली काढली आणि घाई आली की धावायचं नाही. थांबायचं. खालून चारपाच झटके आकसायचं, चवड्यांवर वर-खाली करायचं, डोकं दुसरीकडे लावायचं. घाई लाटेने येते, चढते आणि ओसरते. ओसरली की मग चालत जायचं. धावलं की पिशवी गदगदते आणि डोक्यात पक्कं होतं की किल्ली म्हणजे संडास. मी दारात उभी राहून सतराचा पाढा म्हणायचे. शेजारच्या काकूंनी दार उघडून विचारलं, "किल्ली हरवली का गं?" दोन लघव्यांमधलं अंतर दर आठवड्याला थोडं थोडं वाढवायचं, तीन-साडेतीन तासांपर्यंत. हे निदान सहा आठवडे केल्याशिवाय गुण येत नाही. माझ्या वहीत साठ-सत्तरचे आकडे जाऊन दोनशे-अडीचशे दिसू लागले तेव्हा मी तो कागद नवऱ्याला दाखवला. त्याला काय बोलावं कळेना. "छान," म्हणाला.

हे सगळं घरात उघड चालू झाल्यावर एक दिवस सासूबाईंनी, दुपारी कोणी नसताना, विचारलं, "तुझ्या त्या डॉक्टरीणबाई अंग बाहेर येतं त्याचंही बघतात का गं?" त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. पाच बाळंतपणं. कितीतरी वर्षं त्यांचं अंग बाहेर येत होतं. दिवसभर काम करून संध्याकाळी खाली लिंबाएवढं लागायचं, त्या हाताने आत सारायच्या, फडकं बांधायच्या आणि देवळात जायचं टाळायच्या. मी त्याच घरात राहते. मला वाटायचं गुडघे दुखतात म्हणून देवळात जात नाहीत.

शेजारणीने सल्ला दिला, गर्भपिशवीच काढून टाका म्हणजे कटकट मिटेल. ही कटकट मिटवण्याची घाई आपल्याकडे फार आहे. बीडकडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं इतक्या मोठ्या प्रमाणात काढली गेली की २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. लघवी निसटण्यावर तर गर्भाशय काढणं हा उपायच नव्हे. अंग बाहेर येण्यावर शस्त्रक्रिया असते, कधी गर्भाशय काढून, कधी न काढता वर बांधून. बांधून घेण्याच्या पद्धतींना शिरोडकर, पुरंदरे अशी मुंबईच्या डॉक्टरांची नावं आहेत आणि त्या डॉक्टरकीच्या पुस्तकांत शिकवतात. पण त्या मुख्यतः मूल हवं असलेल्या तरुण बायकांसाठी. सासूबाईंचं हृदय पाहता भूल नको वाटली. बाईंनी सिलिकॉनची रिंग बसवली, कोरड्या पडलेल्या त्वचेसाठी हार्मोनचं मलम दिलं. दर काही महिन्यांनी रिंग काढून धुऊन, आत जखम नाही ना बघून परत बसवायची. अर्ध्या तासाचं काम. सासूबाई टेबलावरून उतरल्या, दोन पावलं चालल्या, थांबल्या आणि म्हणाल्या, "एवढंच?" बाकी काही बोलल्या नाहीत. चतुर्थीला गणपतीच्या देवळात रांगेत उभ्या होत्या.

माझ्यापुढचे उपाय मीही विचारून ठेवलेत. घाईवर गोळ्या आहेत. काहींनी तोंड कोरडं पडतं आणि बद्धकोष्ठ होतं, म्हाताऱ्या माणसांना त्या जपून देतात. मिराबेग्रॉन निराळ्या तऱ्हेचं, त्यात रक्तदाबावर लक्ष ठेवावं लागतं. शिंकेबरोबर निसटण्यावर मूत्रमार्गाखाली पट्टी बसवण्याची शस्त्रक्रिया आहे. योनीमार्गातून बसवायच्या जाळीबद्दल परदेशातल्या भयंकर बातम्या मी वाचल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी फरक समजावला: अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०१९ मध्ये विक्री थांबवली ती अंग बाहेर येण्यासाठी योनीतून बसवायच्या जाळीची. पट्टीची गोष्ट वेगळी, पण तिच्यातही धोके आहेत, तेव्हा आधी व्यायाम, आणि गरज पडलीच तर सगळं विचारून मग. वजन थोडं कमी केलं तरी फरक पडतो म्हणाल्या. ते मला सर्वांत कठीण वाटतं.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं. दोनाचे चार झाले नाहीत, तीन झाले. शिंक आता माझ्या ताब्यात असते, किल्ली बहुतेक वेळा. बसफुगडी मी घालते. कोंबडा सोडलाय, तो आमची पस्तिशीतली मुलगी घालते. तीही आता त्याच फिजिओकडे जाते.

वाचणाऱ्या बायांनो, पुढच्या वेळी डॉक्टरांकडे गेलात की रक्तदाबाबरोबर हेही सांगा, आणि "वय झालं" एवढ्यावर उठून येऊ नका. लघवीतून रक्त दिसलं, लघवी तुंबली, पाय बधिर झाले किंवा पुन्हा पुन्हा जळजळ होत असेल तर व्यायामाच्या भानगडीत न पडता आधी डॉक्टर गाठा. बाकीच्यांनी व्यायाम सांगणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा: मला जमतंय का, हे तपासून सांगाल? खाजगीत परवडत नसेल तर मोठ्या सरकारी रुग्णालयांत स्त्रीरोग आणि फिजिओथेरपी हे दोन्ही विभाग असतात. केसपेपर काढा आणि तिथल्या बाईंना स्पष्ट शब्दांत सांगा, लघवी निसटते म्हणून.